ग्लायडर कोणता घेऊ, दादा?

दिवाळी सरली, भातं झोडून झाली आणि आभाळ मोकळं झालं की माझ्या व्हॉट्सॲपवर पॅराग्लायडिंगवाल्या पोरांचे ठरावीक छापाचे मेसेज सुरू होतात. परवाचा मालवणकडच्या एका पोराचा होता. "दादा, ग्लायडर घेवचो आसा. ह्यो बगा, स्वस्तात गावता. घेव काय?" खाली जाहिरातीचा स्क्रीनशॉट. लालपिवळी विंग (म्हणजे डोक्यावरचा कापडी पंख, तोच ग्लायडर), ईएन सी वर्गाची, पाचेक वर्षं जुनी, वजनाची रेंज ८५ ते १०५ किलो, किंमत नव्या शिकाऊ विंगच्या निम्म्याहून कमी, आणि विकणाऱ्याने ठळक अक्षरात लिहिलेलं की फक्त किनाऱ्यावर उडवलीय, थर्मलमध्ये, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर उसळणाऱ्या हवेत, कधी नेलेलीच नाही.

मी आधी विचारलं, "मेल्या, तुजा वजन किती?" तर म्हणे बासष्ट. त्यात हार्नेस (बसायची पट्ट्यांची खुर्ची), रिझर्व्ह (आणीबाणीचं पॅराशूट), हेल्मेट आणि विंग स्वतः धरून पंधरा किलो टाका, झाले ७७. रेंजच्या तळालासुद्धा पोचत नाही. खरं तर विषय तिथेच संपला होता, पण त्याचं उत्तर आलं, "पन दादा, माजे तास बरेच झाले मा आता." मग मी फोनच लावला. त्या फोनवर जे बोलणं झालं ते जरा सविस्तर इथे लिहून ठेवतोय, कारण महिनाभरात हेच विचारणारा दुसरा कोणी येणारच आहे, त्याला सरळ लिंक पाठवीन.

आधी ती अक्षरं. ए, बी, सी, डी ही ईएन ९२६ नावाच्या युरोपियन स्टँडर्डमधून येतात; ए म्हणजे सगळ्यात समजूतदार विंग, डी म्हणजे सगळ्यात तरबेज हात मागणारी. त्या स्टँडर्डचे दोन भाग आहेत. पहिला ताकदीचा, म्हणजे विंगला तिच्या कमाल वजनाच्या आठपट भार देऊन बघतात लाईन (विंगच्या दोऱ्या) आणि कापड टिकतं का. ही परीक्षा सगळ्यांना सारखीच, त्यामुळे ए विंग दणकट आणि डी विंग नाजूक असं काही नसतं. दुसरा भाग वागणुकीचा. टेस्ट पायलट शांत हवेत वर जातो, विंग मुद्दाम दुमडतो, कधी एका बाजूने, कधी समोरून, कधी स्पायरलमध्ये (गोल गोल घुमत खाली) घालतो, डीप स्टॉलमध्ये (उघडी असूनही पुढे न जाता खालीच पडत राहते तशा अवस्थेत) नेतो, आणि मग बऱ्याचशा टेस्टमध्ये हात वर ठेवून, म्हणजे विंगची मागची कड खाली ओढणारे ब्रेक सोडून, नुसता बघतो की ही आपली आपण सावरते का, किती वेळात सावरते, किती वळते, किती पुढे झेपावते. हे सगळं रेंजच्या खालच्या वजनावर एकदा आणि वरच्या वजनावर एकदा. अशा वीसेक टेस्ट असतात आणि प्रत्येकीला वेगळं अक्षर मिळतं, आणि त्यातलं सगळ्यात वाईट अक्षर विंगवर छापलं जातं. म्हणजे सगळीकडे ए आणि फक्त एका स्पायरलमध्ये बी आला तरी ती बी. आणि उलट, बऱ्याच टेस्टमध्ये काठावर बी घेतलेली विंगसुद्धा बीच. दुकानात दोघी सारख्याच दिसतात. त्यामुळे नुसतं अक्षर बघू नका, त्या साइजचा टेस्ट रिपोर्ट नेटवर मिळतो तो उघडून वाचा. पाच मिनिटांचं काम आहे आणि आपल्याकडे दहातला एकसुद्धा ते करत नाही याचं मला नवल वाटतं.

बीमध्ये तर सगळ्यात जास्त घोळ आहे. ओझोनची बझ पण बी आणि रश पण बी, ॲडव्हान्सची एप्सिलॉन पण बी आणि आयोटा पण बी, नोव्हाची आयन आणि मेंटॉर दोन्ही बी. पण प्रत्येक जोडीतली पहिली, म्हणजे लो बी, ही शाळा संपवून वर्षभर उडलेल्या माणसासाठी आणि दुसरी, म्हणजे हाय बी, दरवर्षी भरपूर उडणाऱ्या, क्रॉसकंट्री म्हणजे लांब पल्ल्याचं उड्डाण करणाऱ्या माणसासाठी. लो बी, हाय बी हे शब्द स्टँडर्डमध्ये कुठेही नाहीत, ते पायलट लोकांनी आणि दुकानदारांनी सोयीसाठी पाडलेत. कागदावर पटकन ओळखायचं तर आस्पेक्ट रेशो बघा, म्हणजे विंग रुंदीला किती आणि खोलीला किती. पाच-सव्वापाचच्या आसपास असेल तर बहुतेक शांत स्वभावाची, साडेपाचच्या बरीच वर गेली की समजा हिला सतत लक्ष द्यावं लागणार. शंभर टक्के नियम नाही, पण अंदाज येतो.

आता मूळ मुद्दा, म्हणजे "माजे तास बरेच झाले".

कोकणातली हवा माणसाला लाडावून ठेवते. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी पाठ केलेत. दिवसा जमीन तापते, समुद्र गार राहतो, वारा समुद्राकडून जमिनीकडे. जानेवारी-फेब्रुवारीत हा वारा दुपारी उठतो, तीन-चारपर्यंत बऱ्यापैकी भरतो, आणि बहुतेक वेळा वायव्येकडून येतो. मैलोनमैल सपाट पाण्यावरून आलेला, वाटेत डोंगर नाही, झाड नाही, घर नाही, तापलेलं शेत नाही. तो येऊन आपल्या जांभ्याच्या कड्यावर आपटतो आणि वर चढतो. त्या पट्ट्यात शिरलात की डोक्यावरची विंग तासभर हलत नाही. डावीकडे जा, वळ, उजवीकडे जा, वळ. खाली लाटा, बाजूला घारी, लोक कड्यावरच्या सपाट सड्यावरून व्हिडिओ काढतायत. हा आनंद मी नाकारत नाही, त्यासाठीच तर आम्ही उडतो. आणि लॉगबुकात तास असे भराभर चढतात की पुण्याजवळच्या डोंगरात, कामशेतला तीन सीझन घालवूनही तेवढे होणार नाहीत.

पण त्या तासांनी तुम्हाला काय शिकवलं ते बघा. जोराच्या वाऱ्यात विंगकडे तोंड करून ती उचलायला शिकवलं, डोंगराकडे पाठ करून समुद्राच्या बाजूला वळायला शिकवलं, अंतराचा अंदाज दिला. हे चांगलंच आहे, आणि ग्राउंड हँडलिंगमध्ये, म्हणजे जमिनीवर विंग उचलून सांभाळण्यात, किनाऱ्यावरची पोरं देशावरच्यांना भारी पडतात हे मी कुठेही सांगीन. पण विंग मागे पडली की हात वर, पुढे झेपावली की नेमका ब्रेक, डावी बाजू मऊ पडली की कोलॅप्स होण्याआधीच, म्हणजे विंग दुमडण्याआधीच, ती हाताला कळणं, हे खाऱ्या वाऱ्यात शिकायला मिळतच नाही, कारण तसं काही घडतच नाही. एप्रिलमध्ये भर दुपारी कामशेतच्या टॉवर हिलवरून निघालात की पहिल्या दहा मिनिटांत जेवढं शिकाल तेवढं आमच्या सड्यावर महिनाभरात नाही. खाडीत होडी वल्हवणारा आणि खाडीच्या मुखाबाहेर, खुल्या समुद्रात जाऊन आलेला, दोघांच्या हाताला घट्टे सारखेच पडतात, पण पहिल्याला दुसऱ्याची होडी कोणी देत नाही.

म्हणून मी तास विचारत नाही. मी विचारतो की तुझी विंग हवेत दुमडली आहे का कधी, आणि दुमडली तेव्हा तुझ्या हातांनी काय केलं. त्या पोराचं उत्तर होतं, "नाय, आजून तसा काय झाला नाय." मग भाई, तुझ्यासाठी ए किंवा लो बी, पुढचा प्रश्नच नाही.

पण पोरगा हुशार आहे. त्याने उलट विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता: मी जर किनाऱ्यावरच उडणार असेन आणि किनाऱ्यावरची हवा जर एवढी गुळगुळीत असेल, तर मग सीचा धोका कुठे आला? दुमडणारच नाही ना?

याचं उत्तर देताना मला बराच वेळ लागला, कारण ते एका वाक्यात येत नाही.

पहिली गोष्ट उंचीची. थर्मलमध्ये माणूस जमिनीपासून हजार मीटरवर असतो, तिथे कोलॅप्स झाला तर विचार करायला, चुकायला, परत प्रयत्न करायला, शेवटी रिझर्व्ह टाकायला वेळ असतो. आपण कड्याच्या डोक्यावर पन्नास मीटर, कधी वीस मीटर. समोरून दुमडली म्हणजे फ्रंटल झाला तर ए विंगने तीन सेकंदांच्या आत आपली आपण उघडलं पाहिजे, बीला पाच सेकंदांपर्यंत सूट आहे, आणि पायलटने हात घातल्याशिवाय जी उघडतच नाही ती थेट बीच्या पलीकडच्या अक्षरांत जाते. घड्याळ लावून तीन सेकंद मोजून बघा, आणि मग पाच मोजा. खाली खडक आहेत असं समजून मोजा. किनाऱ्यावर कोलॅप्स क्वचित होतो हे खरं, पण झाला तर सावरायची जागा सगळ्यात कमी इथेच असते.

दुसरं म्हणजे गुळगुळीत हवा ही कड्याच्या समोर असते, सगळीकडे नसते. कडा कुठे सरळ आहे? मध्येच घळ येते, मध्येच नाक पुढे आलेलं असतं. वारा वायव्येचा आणि कड्याचं तोंड नैर्ऋत्येला असेल तर नाकाच्या पलीकडे हवा पार विस्कटलेली. आणि कड्याची कड ओलांडून दहा-वीस पावलं मागे गेलात की रोटर, म्हणजे कडेवरून उसळलेला वारा खाली गुंडाळत येतो तो. पाच मीटरवर लिफ्टमध्ये (वर चढणाऱ्या हवेत) आरामात बसलेला माणूस जरा मागे सरकतो आणि विंगचा मागचा अर्धा भाग या गुंडाळीत शिरतो. मी हे दुसऱ्यांच्या बाबतीत खालून बघितलंय, विंग एकदम ओल्या टॉवेलगत लुळी पडते.

आणि तिसरं, ज्याबद्दल कोणी बोलतच नाही, ते टॉप लँडिंग, म्हणजे कड्याच्या माथ्यावरच उतरणं. विकणारा सांगतो हिचा ग्लाइड बघा, दहाचा आहे. म्हणजे एक मीटर खाली येताना दहा मीटर पुढे. शिकाऊ ए विंग आठ-साडेआठ जाते. क्रॉसकंट्रीला हा फरक सोन्यासारखा, पण आपल्याकडे उतरायचं कुठे असतं? भरती असेल तर खाली पुळण शिल्लकच नसते आणि उधाणाच्या दिवसांत तर नाहीच नाही, पाण्यात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ, कारण विंगमध्ये पाणी भरलं की लाट तिला आणि तिच्याबरोबर तुम्हाला ओढत नेते. म्हणजे उतरायचं सड्यावरच. आणि सडा म्हणजे कडेपासून साठ-सत्तर मीटर मोकळा कातळ, मग गडगा म्हणजे दगडांचं कुंपण, गडग्यापलीकडे काजूची नाहीतर आंब्याची कलमं. कडेवर लिफ्टचा पट्टा, मागे रोटर, या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत विंग खाली आणायची. चांगल्या ग्लाइडची विंग तिथे खाली येतच नाही. तरंगत राहते, गडगा जवळ येतो, पायलट घाबरून ब्रेक ओढतो, अजून ओढतो.

आता ब्रेक किती ओढता येतो हे पण टेस्टमध्ये मोजतात. कमाल वजन ८० ते १०० किलो असलेल्या साइजला या बाबतीत ए हवा असेल तर स्टॉल होईपर्यंत, म्हणजे विंग उडणं सोडेपर्यंत, ब्रेकची ओढ ६० सेंटीमीटरहून जास्त निघाली पाहिजे, आणि ओढता ओढता हाताला जोर वाढत गेलेला जाणवला पाहिजे. वरच्या वर्गातल्या विंगना याहून कमी ओढ चालते. ६० सेंटीमीटर म्हणजे खांद्यापासून कमरेखालपर्यंत हात येतो, घाबरलेल्या माणसालाही त्याआधी कळतं की काहीतरी चुकतंय. ४५ सेंटीमीटरला तो हात जेमतेम बरगड्यांच्या खाली असतो. सड्यावर दहा मीटर उंचीवर विंग स्टॉल झाली किंवा एकाच बाजूने स्टॉल होऊन गरगरली, म्हणजे स्पिन झाली, तर पुढचं मी लिहीत नाही. ज्या माणसाला रोज टॉप लँडिंग करायचंय त्याला कमी ग्लाइडची, जास्त ब्रेक पचवणारी विंगच बरी. हे मी नवशिक्यांसाठी म्हणत नाहीये, किनाऱ्यावरचे मुरलेले पायलटसुद्धा मुद्दाम सोपी विंग घेऊन येतात ते यासाठीच.

बरं, वर टिकायला तरी सी लागते का, तर नाही. रिज सोअरिंगमध्ये, म्हणजे कड्यावर चढणाऱ्या वाऱ्यात तरंगताना, तुम्ही किती पुढे जाता यापेक्षा किती हळू खाली येता हे महत्त्वाचं, आणि सिंक रेट ए आणि सीचा जवळजवळ सारखाच असतो, सेकंदाला एक मीटरच्या आगेमागे. खारा वारा बरा असेल तर आल्फा, बोलेरो, मोजो असल्या ए विंगवाला सीवाल्याच्या बरोबरीने वर बसलेला असतो, मागे पडतो तो फक्त घळ ओलांडताना.

आता वजन. मला विचाराल तर किनाऱ्यावर अक्षराइतकंच, कदाचित अक्षरापेक्षा जास्त, वजन महत्त्वाचं, आणि लोक नेमकं तेच उडवून लावतात. रेंज ही ऑल-अप वेटची असते, म्हणजे जमीन सोडताना जे काही हवेत जातं ते सगळं. आमच्या इथे एकाने घरच्या बाथरूममधल्या काट्यावर स्वतःचं वजन केलं आणि सामानाचं अंदाजे दहा धरलं. मी त्याला भातगिरणीवर नेलं. हार्नेस घातला, विंगची पिशवी पाठीला, हेल्मेट, बूट, व्हेरिओ, वॉकीटॉकी, दोन लिटर पाणी, फोन, पॉवरबँक, सगळं घेऊन पोत्यांच्या काट्यावर उभा केला. गिरणीवाल्या काकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग काट्याकडे, मग म्हणाले, "अठरा किलो सामान? खयं चललास रे, हिमालयात?" तर असं वजन करायचं.

आणि हलकं पडलं तर काय होतं ते आकड्यांत बघा. वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ८५ ते १०५ची विंग मधोमध म्हणजे ९५ किलोवर समजा ताशी ३७ किलोमीटर जाते, हात वर, स्पीडबार (वेग वाढवायची पायाची दांडी) नाही. आपला हा ७७ किलोचा पोरगा तीच विंग घेऊन गेला तर ती दहा टक्के हळू, म्हणजे साधारण ३३. फेब्रुवारीत दुपारी किनाऱ्यावर वारा ताशी ३० असणं काही विशेष नाही, कडेवर तर तो अजून दाबून येतो. म्हणजे मधोमध वजनाचा माणूस पुढे सात किलोमीटरने सरकतोय आणि हा तीनने. पाचाची झुळूक वाढली की पहिला अजून पुढेच जातोय, आणि हा मागे, म्हणजे सरळ रोटरकडे. स्पीडबार दाबेल म्हणाल, तर दाबेल, पण हलक्या भाराची विंग आधीच ढिली असते, आतलं प्रेशर कमी, त्यात स्पीडबारवर तिचं नाक अजून हलकं होतं. शिवाय रेंजच्या बाहेर गेलात की ते सी हे अक्षरसुद्धा तुमच्यासाठी नाहीच, कारण त्या वजनावर कोणी टेस्टच केलेली नाही.

किनाऱ्यासाठी मी तरी रेंजच्या वरच्या भागात बसायला सांगतो, अगदी टोकाला नको. डिसेंबरमध्ये वारा हलका असताना दुसऱ्यापेक्षा पाच मिनिटं आधी खाली याल, येऊ दे. वरच्या टोकाला विंग चपळ होते, वळणात वेग घेते, कोलॅप्स कमी पण झाला तर जास्त जोरात. त्यामुळे जोराच्या वाऱ्याची भीती वाटते म्हणून एकदम छोटी साइज घेऊन रेंजच्या वर जाऊ नका. वारा एवढा जोरात असेल तर त्या दिवशी सोलकढी प्या आणि बघत बसा.

कापड आणि लाईनबद्दल थोडं, कारण इथला सडा म्हणजे युरोपातलं गवताचं कुरण नाही. जांभा खरखरीत, त्यावरून लाईन ओढली गेली की वरचं आवरण विस्कटतं. आणि करवंदीच्या जाळ्या! विंग वाऱ्याने मागे गेली आणि करवंदीत बसली की अर्धा तास गेला, एकेक लाईन काट्यातून सोडवायची, ओढायची नाही, कात्री तर नाहीच नाही, हातात लालभडक ओरखडे. ए आणि लो बीच्या लाईन बऱ्यापैकी जाड, आवरणवाल्या, रंगीत असतात, त्या निघतात. सीच्या वरच्या बारीक लाईन बऱ्याचदा बिनआवरणाच्या, दोऱ्यासारख्या, त्या काट्यात गेल्या की दिसतच नाहीत आणि एखादा तंतू तुटला तरी कळत नाही. असंच कापडाचं. हल्ली हाइक अँड फ्लायच्या हलक्या विंगची फॅशन आहे, चौरस मीटरला २७ ग्रॅमचं स्कायटेक्स कापड वगैरे, पाठीवर घेऊन चढायला फार छान, पण कातळावर रोज ग्राउंड हँडलिंग करणाऱ्याने नेहमीचं जाड, ३८ ग्रॅमच्या आसपासचं कापड असलेली घ्यावी. किलोभर जास्त वाहून न्यावं लागेल एवढंच, आपल्याकडे तशीही गाडी सड्यापर्यंत जाते.

यावरूनच ती "फक्त किनाऱ्यावर उडवलीय" वाली गंमत. जाहिरातीत हे गुण म्हणून लिहितात. मला तर ते वाचूनच शंका येते. थर्मलवाला वर जाऊन उडत असतो, किनाऱ्यावरचा तासन्तास उन्हात विंग पसरून ठेवतो, वारा येईपर्यंत कातळावर उचल-पाड करतो, पुळणीवरून खेचतो. वाळू मागच्या कडेला सेलमध्ये (विंगच्या आतल्या कप्प्यांत) जाऊन बसते आणि आतून कापड घासत राहते. रायझरच्या (लाईन जिथे येऊन मिळतात त्या पट्ट्यांच्या) मेलॉन कड्यांवर खारा थर, हार्नेसच्या कॅराबिनर कड्यांचं गेट कुरकुरतं. ऊन आणि मीठ दोन्ही मिळून कापड हवा धरेनासं होतं. बाहेरून रंग छान दिसतो, फोटोत तर नवीच.

म्हणून सेकंडहँड घेताना पोरोसिटीचा रिपोर्ट मागायचा. कापडातून ठरावीक हवा जायला किती सेकंद लागतात ते मशीनवर मोजतात, नवं कापड शेकड्यांत असतं, आणि वीस सेकंदांच्या खाली घसरलेली विंग मी फुकट दिली तरी घेणार नाही. आणि त्याच्याबरोबर लाईनच्या लांबीचा रिपोर्ट. हा लोक विसरतात. डायनीमाच्या लाईन वापरात आखडतात, मागच्या लाईनवर भार कमी असतो म्हणून त्या जास्त आखडतात, पुढच्या ताणाखाली आहे तशा राहतात, आणि विंग हळूहळू मागच्या बाजूने ओढल्यासारखी होते. पायलटने ब्रेक लावलेला नाही तरी थोडा लावल्यासारखाच. अशी विंग हळू उडते आणि डीप स्टॉलच्या जवळ राहते. जमिनीवर पण कळतं, उचलताना ती डोक्याच्या मागेच लोंबकळत बसते, झटकन वर येऊन थांबत नाही. हे जाणवलं तर मालकाच्या गोड बोलण्यात येऊ नका, "वारा कमी आहे ना" हे ठरलेलं उत्तर असतं. लाईन बदलता येतात, ट्रिम, म्हणजे लाईनच्या लांबीचा मेळ, ठीक करून मिळतं, पण तो खर्च विंगच्या किमतीत धरून मग स्वस्त की महाग ते ठरवा.

मग सी कधी घ्यायची? घ्यायचीच नाही असं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला हिमाचलमधल्या बीरला जाऊन या, तिथल्या थर्मलमध्ये आपल्या लो बीवर उडा, दुपारी सगळे वर असताना तुमचे हात आपोआप चालतात का बघा. नेपाळात पोखऱ्याला फेवा तलावावर किंवा तुर्कस्तानात ओलुदेनिझला एसआयव्ही (विंग बिघडल्यावर सावरायला शिकवणारे) कोर्स होतात, खाली पाणी, रेस्क्यू बोट, कानात इन्स्ट्रक्टर, आणि मुद्दाम विंग दुमडायला लावतात. पैसे जातात, मान्य, पण नवीन विंगमध्ये घालायच्या आधी ते यात घाला. ते करून आल्यावर हाय बी, आणि हाय बीवर दोन-तीन सीझन देशावर किंवा हिमाचलमध्ये काढल्यावर सीचा विचार. आता सीमध्ये टू-लायनर (लाईनच्या दोनच रांगा असलेल्या) पण आल्यात, त्यांच्यावर मागच्या रायझरने कंट्रोल करायची पद्धतच वेगळी, तो पुन्हा नवा अभ्यास. आणि हे सगळं झालं तरी घरी किनाऱ्यावर उडायला जुनी ए किंवा बी विकू नका, असं माझं मत.

बीरला जाऊन आलेल्यांची एक अडचण असते. तिथे लाँचवर भारी भारी डी आणि कॉम्पिटिशन विंग पसरलेल्या दिसतात, पायलट झोपून उडायच्या त्या पॉड हार्नेसमध्ये शिरतात, आणि घरी येईपर्यंत स्वतःची विंग अगदीच बापडी वाटायला लागते. त्यात ग्रुपवर कोणीतरी टोमणा मारतो, "काय रे, आजून ए वरच?" या एका वाक्याने आपल्याकडे जेवढ्या चुकीच्या विंग विकल्या गेल्यात तेवढ्या कुठल्या जाहिरातीने नाहीत. टोमणा मारणारा बहुतेक वेळा स्वतःची जुनी विंग विकायच्या मागे असतो, हे पण जरा बघून ठेवा.

तर आमच्या मालवणच्या पोराचं काय झालं. सी सोडली. आता त्याने एक लो बी शोधलीय, ६५ ते ८५ रेंजची, त्याचे ७७ तिच्यात वरच्या बाजूला नीट बसतात, नेहमीचं जाड कापड, लाईन आवरणाच्या. किंमत त्या सीपेक्षा जास्त आहे म्हणून घरी आईशी बोलणी चालू आहेत, आई म्हणते त्यापेक्षा बोटीचं इंजिन दुरुस्त करू. चेक रिपोर्ट दीड वर्षापूर्वीचा आहे, मी सांगितलंय नवीन करून दे म्हणावं, अर्धा खर्च तू दे. रिपोर्ट आल्याशिवाय एक रुपया ॲडव्हान्स द्यायचा नाही.

आणि विंगबरोबर रिझर्व्ह पण मिळतोय म्हणून खूश आहे, तर त्याला दोन गोष्टी परत लिहितो, फोनवर घाईत राहिल्या. रिझर्व्हला पण वजनाची मर्यादा असते, ७७ला पुरेसा आहे का ते त्याच्या लेबलवर वाच, आणि बनवल्याचं वर्ष पण तिथेच असतं. आणि रिपॅक, म्हणजे रिझर्व्ह उघडून पुन्हा नीट घडी घालणं, मे महिन्यात, कोरड्या हवेत करून घे, जूनवर ढकलू नकोस. पावसाळ्यात आपल्या घरातली ओल कपाटातल्या कपड्यांना सोडत नाही तर घडी घातलेल्या रिझर्व्हला काय सोडणार, आणि ते चार महिने तसंही उडायचं नसतंच.